ॲन राणीची सतरा बाळं

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात इंग्लंडची ॲन राणी आठल्यांच्या डायनिंग टेबलावर येऊन पसरली, आणि नीलांबरीला चहाचा कप ठेवायलाही जागा उरली नाही. राणीला जाऊन तीनशे वर्षं उलटली होती. पण उर्वी तिच्याबद्दल अशी बोलायची, जणू बाई शेजारच्या टाउनहाउसमध्ये राहते आणि हल्ली तिची तब्येत बरी नसते.

उर्वी ही नीलांबरीची एकुलती एक लेक. रेडमंडला सॉफ्टवेअरमधली भरभक्कम नोकरी, तळ्याकाठी छान अपार्टमेंट, सगळ्याला रामराम ठोकून वयाच्या एकतिसाव्या वर्षी ही बया स्टेट कॉलेज नावाच्या गावी इतिहासात पीएच.डी. करायला गेली. तिथे दोन कोवळ्या पोरींबरोबर जागा शेअर करून राहायची आणि कॅम्पसच्या बसनं हिंडायची. शिकागोच्या मराठी मंडळात कुणी विचारलं, "उर्वीचं काय चाललंय सध्या?" तर नीलांबरी सांगायची, "राणीच्या मागे लागलीय." विचारणारा हसायचा आणि विषय तिथेच मिटायचा. या वेळी स्प्रिंग ब्रेकला आठ दिवस घरी आली, ती काखोटीला एक भलीमोठी कागदाची गुंडाळी मारूनच.

गुंडाळीत वंशावळ होती, सातव्या हेन्रीपासून पहिल्या जॉर्जपर्यंत. कुठली फांदी कुठे फुटली, कुठे वाळली, गादी कुणाकडून कुणाकडे सरकली, सगळं रंगीत पेनांनी काढलेलं. मुलगा हवा म्हणून एका राजानं सहा लग्नं केली. त्याचा तो नवसाचा मुलगा पंधराव्या वर्षी गेला. मग एक बहीण, मग दुसरी, दोघीही निपुत्रिक. मग स्कॉटलंडहून आणलेलं घराणं, आणि त्या घराण्याच्या अगदी टोकाला ही ॲन. सतरा गरोदरपणं, आणि मागे राहिलेलं मूल एकही नाही.

"ज्यांना गादी मिळाली त्यांच्यावर सगळेच लिहितात, आई," उर्वी म्हणाली. "मी न मिळालेल्यांवर लिहितेय. हिचं एक जरी बाळ जगलं असतं ना, तर जर्मनीहून राजा इम्पोर्ट करावाच लागला नसता. पन्नासेक माणसं ओलांडून गेले ते! सो आय नीड यू. तू डॉक्टर आहेस. प्रत्येक प्रेग्नन्सीत काय झालं असेल, सांग मला."

"तीनशे वर्षांपूर्वीच्या पेशंटचं निदान करू? ना तपासणी, ना रिपोर्ट?" नीलांबरीनं नाक मुरडलं. पण आतून तिला बरं वाटलं होतं. पस्तीस वर्षं बाळंतपणं केलेली बाई ती. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, आणि या सहा वर्षांत 'डॉक्टर, तुम्हाला काय वाटतं?' असं कुणी विचारलं नव्हतं. तिनं चष्मा लावला आणि खुर्ची पुढे ओढली.

पलीकडे खिडकीशी राजीव बसला होता, गुडघ्यांवर शाल घेऊन. आयुष्यभर पुलांची डिझाइनं केलेला हा माणूस आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी रोज थोडा थोडा विसरत चालला होता. अलीकडे त्याचे तीनच प्रश्न उरले होते आणि ते तो दिवसभर आलटून पालटून विचारायचा. पुलाच्या ड्रॉइंगवर सही झाली का? गाडीची चावी कुठाय? आणि मिहीर आला का? हा मिहीर कोण, ते कुणालाच माहीत नव्हतं. ऑफिसातला कुणी ज्युनियर असेल, असं नीलांबरीनं धरून चाललं होतं. आजारी माणसाशी खोटं बोलायचं नाही, हा तिचा डॉक्टरी बाणा. त्यामुळे ती प्रत्येक वेळी स्पष्ट सांगायची, "कुणी मिहीर-बिहीर नाहीये." मग तो ओशाळून खिडकीबाहेर बघायचा.

चावी मात्र तिनं खरोखरच लपवली होती. देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरून किराणा आणायचं काम लग्नापासून राजीवचं. तो एकटाच जायचा आणि तासाभराच्या कामाला अख्खी शनिवार दुपार लावायचा. उशीर का, म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं. "पार्किंग मिळेना गं." त्यावरून दोघांची किती भांडणं झाली होती! "डेव्हनवर कुणी दुसरी ठेवलीय का तुम्ही?" असंही ती एकदा चिडून म्हणाली होती. तो हसलाही नव्हता.

तर त्या सकाळी मायलेकी यादी घेऊन बसल्या. ज्या बाळाला नाव होतं त्याचं नाव, आणि ज्याला नाव नव्हतं तिथे उर्वीनं एक काळा ठिपका काढला होता. पहिलीच मुलगी मृत जन्मलेली. ठिपका. मग मेरी आणि ॲन सोफिया, दोन गोड मुली, दोघी एकाच आठवड्यात देवीच्या साथीत गेल्या. नवराही त्याच दुखण्यानं अंथरुणाला खिळलेला.

"त्या वेळच्या एका बाईनं पत्रात लिहिलंय," उर्वी म्हणाली, "की ही दोघं नवरा-बायको कधी रडायची, कधी मुलींबद्दल बोलायची, आणि मग नुसतीच हातात हात घेऊन गप्प बसायची. इतकं सॅड आहे ना ते!"

"पुढचं सांग," नीलांबरी म्हणाली. तिचा आवाज उगाचच कोरडा झाला.

पुढे ठिपका, ठिपका, ठिपका. सातवा विल्यम. हा अकरा वर्षं जगला, सगळ्या देशानं त्याच्याकडे डोळे लावले आणि वाढदिवसाला दमून तापानं गेला. नीलांबरी प्रत्येकापुढे पेन्सिलीनं नीटस शेरे मारत होती. आठव्या ओळीवर तिची पेन्सिल थांबली.

"ही मेरी दोन तास जगली म्हणतेस. मग हिला नाव कसं?"

"ठेवलं ना. आणि पुढचा, नववा, जॉर्ज. तो तर काही मिनिटंच होता. लगेच बाप्तिस्मा करायचे. बाळ जाणार हे दिसत असलं तर आधी नाव द्यायचे. नावाशिवाय पाठवायचे नाहीत."

"काही मिनिटांत नाव?"

"हो. का गं?"

नीलांबरीनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग कागदाकडे बघतच म्हणाली, "माझा एकोणीस तास होता."

उर्वीला काही कळेना. नीलांबरीनं मग सगळं सांगितलं, पेशंटची हिस्टरी सांगावी तसं, तारखांसकट. बारा ऑक्टोबर एकोणीसशे एक्क्याऐंशी. ती अठ्ठावीस वर्षांची, रेसिडेन्सीचं दुसरं वर्ष. सव्वीस आठवड्यांवर कळा सुरू झाल्या. मुलगा. फुप्फुसं तयार नव्हती, आणि त्यांना उघडं ठेवणारं औषध यायला अजून आठ-नऊ वर्षं होती. तिला स्वतःला इतका रक्तस्राव झाला, की दोन दिवस शुद्धच नव्हती. शुद्ध आली तेव्हा बाळ गेलेलंही होतं आणि पुरलेलंही. तिनं त्याला पाहिलं नाही. पाहिलं फक्त राजीवनं.

"पुण्याहून तुझ्या आजीचा ट्रंक कॉल आला. म्हणाल्या, बारसं व्हायच्या आत गेलं, त्याला नाव ठेवत नाहीत, विसर आता. मलाही तेच सोयीचं वाटलं. मी घरी आले त्या दिवशी बाबांना बजावलं, या घरात हा विषय पुन्हा निघाला तर मी उठून पुण्याला जाईन, परत येणार नाही. त्यांनी मान हलवली. झालं. चव्वेचाळीस वर्षांत एक अक्षर बोलले नाहीत."

"आणि तू?"

"मी कशाला बोलेन? दहा-अकरा दिवस झाले असतील, हे नवा कोट घालून, भांग पाडून, तोंडावर पावडर लावून ऑफिसला गेले. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते, पण पाहिलं मी. तेव्हाच मनात म्हटलं, या माणसाला काही वाटत नाही." तिनं पेन्सिल यादीवर ठेवून दिली. "ते मी कधी माफ केलं नाही, उर्वी. संसार केला, सगळं केलं. पण तेवढं नाही केलं माफ."

उर्वी रडत होती. पस्तीस वर्षं एकुलती म्हणून वाढलेल्या मुलीला एकदम भाऊ मिळाला होता, तोही हातचा गेलेला. जरा वेळानं नाक पुसून ती म्हणाली, "मी त्याला काय म्हणू? आय हॅव अ ब्रदर, आणि त्याला काय म्हणायचं तेच मला माहीत नाही."

"काय म्हणणार? हॉस्पिटलच्या पट्टीवर होतं ते. बेबी बॉय आठल्ये."

"कुठे आहे तो?"

हाच प्रश्न नीलांबरीनं स्वतःला इतकी वर्षं विचारू दिला नव्हता. हजारो बाळं तिच्या हातांवर जन्मली. सव्वीस आठवड्यांचं पहिलं बाळ नव्या औषधावर वाचलं तेव्हा ती गाडीत बसून तासभर रडली होती. आणि स्वतःचं बाळ कुठल्या मातीत आहे, ते तिला सांगता येत नव्हतं. ज्याला सांगता आलं असतं, तो खिडकीशी बसून गाडीची चावी मागत होता. ती उठून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "अहो, बाळाला कुठे ठेवलंत?" राजीवनं तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाला, "ड्रॉइंगवर सही झाली का?"

आपणच या माणसाचं तोंड बांधलं, आणि सोडायला आलो तेव्हा आत काही उरलेलं नाही, एवढंच तिला कळलं.

उर्वीनं मात्र राणीला गुंडाळून बाजूला ठेवलं. "कुणीतरी कुठेतरी लिहून ठेवलेलं असतं, आई. नेहमी असतं. शोधणारं कुणी नसतं एवढंच," असं म्हणून ती फोन घेऊन बसली. हॉस्पिटल कधीच बंद झालं होतं. काउंटीच्या ऑफिसनं दोन दिवस हेलपाटे घालायला लावून डेथ सर्टिफिकेटवरून दफनभूमीचं नाव तेवढं दिलं. दफनभूमीवाल्यांनी सांगितलं, नोंद आहे, पण जुनं रजिस्टर आहे, आईनं स्वतः ओळखपत्र घेऊन यावं.

"मी नाही येणार," नीलांबरी म्हणाली. "बिननावाच्या दगडांतून हिंडू मी?" पण शुक्रवारी सकाळी नऊ वाजता ती साडी नेसून, शाल घेऊन तयार होती. इलामावशी, नीलांबरीची जुनी मैत्रीण, राजीवजवळ बसायला आली. गाडी उर्वीनं ड्राइव्ह केली.

रस्ता डेव्हनवरूनच गेला. साड्यांची दुकानं, मिठाईवाले, भाजीच्या पेट्या उतरवणारे ट्रक मागे पडले, आणि पश्चिमेला पंधरा मिनिटांवर दफनभूमीचं लोखंडी फाटक आलं. गेटला लागूनच पार्किंगच्या दहा-बारा जागा होत्या. सगळ्या रिकाम्या.

ऑफिसात गळ्यात साखळीचा चष्मा अडकवलेली एक म्हातारी गोरी बाई होती. आडनाव ऐकून तिनं मान वर केली. "आठल्ये? ओह, म्हणजे तुम्ही मिस्टर आठल्येंच्या कोण?"

"मी त्यांची बायको," नीलांबरी म्हणाली. "तुम्ही त्यांना ओळखता?"

"मी एकतीस वर्षं इथे आहे. शनिवारी दुपारी यायचे ना ते, महिन्यातून दोनदा तरी. गाडीत नेहमी भाज्यांच्या पिशव्या. आणि दर ऑक्टोबरमध्ये आम्हा ऑफिसवाल्यांना त्या पिवळ्या गोल मिठाईचा डबा. मुलाचा वाढदिवस आहे, म्हणायचे." बाईंचा आवाज मऊ झाला. "तीनेक वर्षांत दिसले नाहीत. आम्हाला वाटलं, ते गेले."

नीलांबरीनं काउंटरची कड धरली. पेढे. हा माणूस तेरा तारखेला मेलेल्या मुलाच्या बारा तारखेचे पेढे वाटत होता, आणि आपण घरी भाजी सुकली म्हणून त्याच्यावर डाफरत होतो.

बाईंनी रजिस्टर उघडून तिच्याकडे फिरवलं. एक्क्याऐंशी साल, ऑक्टोबर. टाइप केलेली ओळ होती. बेबी बॉय आठल्ये. त्यावर शाईनं एक आडवी रेघ मारलेली, आणि वर, इंजिनियर लोक ड्रॉइंगवर काढतात तशा सुट्या, सरळ, कोरीव अक्षरांत एक नाव लिहिलेलं. शेजारी लहान अक्षरांत तारीख. तेवीस ऑक्टोबर. ते अक्षर नीलांबरी कुठेही ओळखू शकली असती.

मिहीर राजीव आठल्ये.

उर्वीनं तोंडावर हात दाबला. नीलांबरी मात्र त्या तारखेकडे बघत होती. मग तिनं बोटांवर मोजायला सुरुवात केली, अंगठा एकेका पेरावर ठेवत. बारा, तेरा, चौदा. तेवीसला बारा पेरं भरली.

"बारावा दिवस," ती म्हणाली. "उर्वी, त्यांनी बारसं केलं गं. एकट्यानं."

नवा कोट, पाडलेला भांग, तोंडावर पावडर. मुलाच्या बारशाला बाप नटून गेला होता. त्याला काही वाटत नाही, असं म्हणून तिनं भिंतीकडे तोंड केलं होतं, ते चव्वेचाळीस वर्षं तसंच ठेवलं होतं.

लहान मुलांचा भाग मागच्या बाजूला होता. बर्फ वितळून गवत लगदा झालेलं, आणि त्यात जमिनीलगत बसवलेले छोटे दगड. बेबी गर्ल, बेबी बॉय, बेबी, बेबी. उर्वीच्या कागदावरचे ठिपकेच ते. त्यांतल्या एका दगडावर नाव होतं, इंग्रजीत आणि खाली देवनागरीत. नीलांबरी ओल्या गवतात बसली. साडी भिजली, गुडघे दुखले, तरी बसली. तिनं दगडावरची माती पदरानं पुसली आणि नाव मोठ्यानं उच्चारलं. मग पुन्हा एकदा, नीट. घरी याच नावाबद्दल तिनं राजीवला वर्षभर रोज सांगितलं होतं, की कुणी नाहीये. हे आठवलं तेव्हा तिनं तळहात दगडावर टेकला. उर्वी तिच्या पाठीवर हात ठेवून नुसती उभी होती.

घरी पोचल्या तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. इलामावशीनं राजीवला जेवू घातलं होतं. नीलांबरीच्या साडीचा चिखल बघून ती काही विचारणार होती, पण उर्वीनं मानेनंच नको म्हटलं, तशी ती कोट घालून निघून गेली. उर्वीनं टेबलावर आपला मोठा कागद उघडला, पण लिहायला काही घेतलं नाही.

नीलांबरीनं एक खुर्ची ओढून खिडकीशी नेली आणि राजीवच्या समोर नाही, शेजारी बसली. तो बाहेर रस्त्याकडे बघत होता. तिच्या येण्यानं जरा सावरून बसला.

"मिहीर आला का गं, नीलू?" त्यानं विचारलं, आणि रोजचं उत्तर येणार म्हणून आधीच खांदे पाडले.

खोटं बोलायचं नाही, हा नेम तिनं आजही मोडला नाही. तिनं त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला. किती हलका झाला होता तो हात.

"तो नाही येऊ शकत हो," ती म्हणाली. "मीच जाऊन आले आज त्याच्याकडे."

राजीवनं मान वळवली. तिच्या चेहऱ्याकडे, मग साडीवरच्या चिखलाकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत कितीतरी महिन्यांत न दिसलेलं काहीतरी आलं. तो तिच्याकडे जरा वाकला आणि हळू आवाजात, काळजीनं विचारू लागला,

"पार्किंग मिळालं?"

"मिळालं," नीलांबरी म्हणाली. "गेटपाशीच मिळालं." आणि चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ती त्याच्यासमोर रडली.